वाचकांचे प्रश्न : कॅमेरा उचलवत नाही तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे शहरात हिंडून फोटो काढणाऱ्या वाचकांची आहेत. तिघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले असले, तरी दुखणे साधारण एकाच ठिकाणचे दिसते. पहिले पत्र मोठे असल्याने थोडे आवरून घेतले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून जन्मापासून डोंबिवलीत राहतो आणि एका खासगी कंपनीत नोकरी करतो. गेली सहा वर्षे दर रविवारी पहाटेची लोकल पकडून मुंबईत जातो आणि रस्त्यावरचे फोटो काढतो. गेटवे, महालक्ष्मीचा धोबीघाट, भाऊचा धक्का, दादरचा फुलबाजार, बाणगंगा अशा सगळ्या ठिकाणी अनेकदा जाऊन आलो आहे. हार्ड डिस्कवर आज ४०,००० च्या आसपास फ्रेम आहेत. मागच्या वर्षी एका कार्यशाळेत त्यांतले निवडक २० फोटो दाखवले. परीक्षकांनी ते पाच मिनिटांत पाहिले आणि म्हणाले, "फोटो नीटनेटके आहेत, पण यात तुम्ही कुठे आहात?" तेव्हापासून कॅमेरा डोळ्याला लावला की हेच वाक्य आठवते. समोर काहीही दिसले तरी वाटते की हे कुणीतरी आपल्यापेक्षा चांगले काढून ठेवले आहे. गेले चार महिने बॅग उघडलेली नाही. माझ्यात मुळात ती दृष्टीच नाही, असे समजावे का? नवा, चांगला कॅमेरा घेतल्याने फरक पडेल, की आहे तोही विकून मोकळे व्हावे?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. नवा कॅमेरा घेऊ नका आणि जुना विकू नका. नव्या कॅमेऱ्याचा उत्साह पंधरा दिवस टिकतो आणि सोळाव्या दिवशी हेच वाक्य त्या नव्या कॅमेऱ्यातूनही ऐकू येऊ लागते, हा अनुभव मी पदरचे पैसे घालून घेतलेला आहे.

आता परीक्षकांच्या वाक्याकडे वळू. "यात तुम्ही कुठे आहात?" हा प्रश्न अशा कार्यशाळांमधून इतक्या वेळा विचारला जातो की झिजलेल्या नाण्याप्रमाणे त्याच्यावरचा छाप आता दिसेनासा झाला आहे. तो खोटा असतो असे मी म्हणणार नाही. मात्र तो कोणत्या फोटोबद्दल आहे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क होता आणि पुढच्या वेळी तो जरूर बजावा. ज्या माणसाला एका विशिष्ट फ्रेमवर बोट ठेवून "इथे तुम्ही दोन पावले पुढे जायला हवे होते" किंवा "हा माणूस नसता तर फोटो तरला असता" असे सांगता येते, त्याचे बोलणे मनाला लागले तरी ऐकावे. वीस फोटोंवर एकच वाक्य टाकून जो पुढच्या टेबलाकडे जातो, त्याच्या वाक्यासाठी चार महिने बॅग बंद ठेवणे हा मोबदला फार झाला. मी तरुण असताना एका संपादकांनी माझे बारा प्रिंट पत्त्यांसारखे पिसून "ही कॅलेंडरे आहेत" असे म्हटले होते. ते बाराही प्रिंट मी घरी येऊन फाडले. त्यांतले नऊ खरोखरच कॅलेंडर होते, हे आज मला मान्य आहे. उरलेल्या तिघांची मात्र अजून हळहळ वाटते, कारण त्यांच्या निगेटिव्हही मी रागाच्या भरात जपल्या नाहीत.

तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीवर अडकले. तुम्ही डोंबिवलीत जन्मापासून राहता आणि फोटो काढायला दर रविवारी तिथून निघून जाता. ज्या ठिकाणांची यादी तुम्ही दिली आहे, तिथे उभे राहण्याच्या जागासुद्धा ठरून गेलेल्या आहेत. महालक्ष्मी स्थानकाशेजारच्या पुलावरून धोबीघाट दिसतो आणि येणारा प्रत्येकजण त्याच कठड्याला टेकून, त्याच कोनातून, वाळत घातलेल्या त्याच पांढऱ्या चादरींच्या रांगा टिपतो. तिथे उभे राहून "हे कुणीतरी आधीच काढले आहे" असे वाटले असेल, तर तो तुमच्या आत्मविश्वासाचा दोष समजू नका. तुमचे निरीक्षण अचूक आहे एवढाच त्याचा अर्थ. शंका प्रत्येक वेळी खोटे बोलत नाही. कधीकधी ती फक्त एवढेच सांगत असते की या जातीचे फोटो काढून झाले, आता यात आपले मन उरलेले नाही.

न्यूयॉर्कचा सॉल लायटर हा छायाचित्रकार १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ईस्ट व्हिलेज भागात राहायला गेला आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. त्याची उत्तम मानली जाणारी कितीतरी रंगीत चित्रे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची आहेत. दव धरलेली काच, बर्फात चाललेली लाल छत्री, दुकानाच्या छपराखालून दिसणारे कुणाचे तरी पाय, असे त्याचे विषय. न्यूयॉर्कची प्रसिद्ध ठिकाणे त्यांत शोधावी लागतील. या रंगीत चित्रांचे पहिले पुस्तक २००६ मध्ये निघाले, तेव्हा त्याचे वय ८० च्या पुढे होते. त्याआधी बरीच वर्षे तो फॅशनच्या मासिकांसाठी काम करून पोट भरत होता आणि रंगीत स्लाइड्स डब्यांमध्ये ठेवत होता. तुम्ही ८० वर्षे थांबावे असे मला सुचवायचे नाही. रोजच्या वाटेवरच माणसाची नजर सर्वांत मोकळी असते, एवढेच या उदाहरणातून घ्या.

तुमची रोजची वाट कोणती? संध्याकाळी कुठली तरी गाडी रद्द झाली की डोंबिवलीच्या फलाटावर हजार चेहरे एकाच वेळी इंडिकेटरकडे वर होतात. आणि फलाट बदलल्याची घोषणा झाली की तीच गर्दी एखाद्या कापडाची घडी उलटावी तशी जिन्याकडे वळते. त्या क्षणी कोण पळतो, कोण पळत नाही, कोण हातातला वडापाव आधी संपवतो, हे तुम्ही सहा वर्षांत हजार वेळा पाहिले असेल. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून जमणारी तरुण मुले, आणि ती पांगल्यावर तिथे झाडू मारणारी बाई, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. (स्थानकावर ट्रायपॉड लावून बसलात तर पोलीस हटकतील, आणि व्यावसायिक कामाला रेल्वेची परवानगी लागते, हे लक्षात ठेवा.)

"लोकलच्या गर्दीचेही फोटो निघून झाले आहेत," असे तुम्ही म्हणाल. झालेच आहेत. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि या मार्गावर माणसांचे लोंढे काही काल सुरू झालेले नाहीत. तरीही १९९५ मध्ये छायाचित्रकार रघु राय यांनी चर्चगेट स्थानकावर कॅमेऱ्याचा शटर काही काळ उघडा ठेवला, तेव्हा चालणारी गर्दी धुरासारखी विरघळून गेली आणि त्या धुरात वर्तमानपत्र वाचणारी माणसे तेवढी ठसठशीत उभी राहिली. त्यांना नवे स्थानक किंवा नवी गर्दी सापडली नव्हती. ज्याला रोज गाडी पकडावी लागते त्यालाच कळेल अशी एक गोष्ट, म्हणजे या ओघात स्थिर राहायचे कसे, त्यांनी शटरच्या गतीतून दाखवली. त्यांच्याआधी १४२ वर्षे लोक एखादी गोष्ट पाहत असले, तरी ती पाहून संपलेली नसते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. तुम्ही निवडलेले २० फोटो कसे निवडले, हे पत्रात लिहिलेले नाही. पण बहुतेकजण करतात तसेच तुम्हीही करत असाल असे धरून चालतो. रविवारी दुपारी घरी यायचे, कार्ड संगणकाला लावायचे, संध्याकाळपर्यंत त्यातले चांगले चार बाजूला काढायचे, रात्री ते समाजमाध्यमावर टाकायचे आणि किती जणांनी पसंत केले ते सोमवारी पाहायचे. माझ्या मते तुमचे दुखणे डोळ्यात किंवा कॅमेऱ्यात सापडणार नाही, ते या रविवारच्या दुपारीच आहे. ज्या दिवशी फोटो काढला त्याच दिवशी तो पाहताना आपण फोटो पाहतच नाही, तर काढतानाची धडधड, उन्हात घालवलेले दोन तास, कुणीतरी दिलेली शिवी आणि त्याच्या आधी दिसून निसटलेला क्षण हेच सगळे आठवत बसतो. यातले काहीही त्या चौकटीत उतरलेले नसते. त्यामुळे ज्याच्यासाठी कष्ट फार पडले तो फोटो उगाचच मोठा वाटतो आणि जो सहज मिळाला तो नजरेतून सुटतो.

माझ्याच बाबतीत घडलेले सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते आणि तो संप रीतसर मिटला असा दिवस कधी उजाडलाच नाही. १९८४ च्या पावसाळ्यात मी परळच्या एका बंद गिरणीच्या फाटकासमोर एक ३६ फ्रेमचा रोल काढला. घरच्या मोरीत काळे कापड लावून केलेल्या डार्करूममध्ये तो धुतला आणि कॉन्टॅक्ट शीट (रोलमधल्या साऱ्या फ्रेमचे छोटे ठसे एकाच कागदावर) काढून, हायपो या रसायनाचा वास हाताला असतानाच, भिंगाखाली पाहायला बसलो. सतराव्या फ्रेममध्ये एका तरुणाने मूठ वर केली होती आणि मागे गिरणीची चिमणी होती. लाल पेन्सिलीने त्याच्याभोवती चौकोन केला, मोठा प्रिंट काढला, तो छापूनही आला. बाकीच्या ३५ फ्रेमकडे मी पुन्हा पाहिले नाही.

बारा वर्षांनी घर बदलताना ती कॉन्टॅक्ट शीट हाती लागली. सतराव्या फ्रेममधला तरुण आता मला तरुणांच्या शंभर फोटोंमधला एक वाटला. चिमणीखाली उगारलेली मूठ तेव्हा प्रत्येकाने काढलेली होती, आणि ती त्या मुलाने मी कॅमेरा उचलल्यावर वर केली होती, हेही आठवले. पण तेविसाव्या फ्रेममध्ये फाटकाच्या गजाला एक जेवणाचा डबा अडकवलेला होता. पितळी, तीन पुडांचा, कडीला कापडाची चिंधी गुंडाळलेली. त्याच्या खाली एक वयस्क गृहस्थ फाटकाला पाठ लावून, पाय पसरून नुसते बसले होते, जणू मधली सुट्टी आहे. दोन वर्षे गिरणी बंद असलेला माणूस डबा घेऊन कामाच्या वेळेला येत होता, आणि मी त्याचा फोटो रोल संपवायचा म्हणून काढला होता. त्यांचे नाव मी विचारले नाही. ती चूक आता सुधारता येणार नाही. तो फोटो त्या दिवशी माझ्यासमोर, माझ्याच भिंगाखाली होता, आणि मला तो दिसला नाही, कारण मला त्या दिवशी लढा दिसायला हवा होता.

म्हणून काढणारा आणि निवडणारा या दोन माणसांमध्ये काळाचे अंतर ठेवा. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या फोटोंसाठी ओळखला जाणारा गॅरी विनोग्रँड मुद्दाम वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, रोल धूत नसे, कारण फोटो काढतानाची मनःस्थिती विसरल्याशिवाय त्याला निवड करायची नव्हती. अर्थात त्याने हे फारच ताणले. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले होते, आणि ते पाहणे दुसऱ्यांच्या वाट्याला आले. तुमच्यासाठी तीन महिने पुरेत. तोपर्यंत कार्डावरचे फोटो हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा, एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि फोल्डर बंद करा.

तुमच्याकडे मात्र अंतर आधीच तयार आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कोणत्याही एका महिन्याचे फोल्डर उघडा आणि तेव्हा तुम्ही न निवडलेल्या फ्रेम तेवढ्या पाहा. घाईने काही मिटवले नसेल, तर त्यात तुमचे डबे सापडतील. त्यातल्या ज्या ६० फ्रेमवर नजर दोनदा जाईल, त्यांचे जवळच्या फोटो स्टुडिओतून साधे चार बाय सहा इंचांचे प्रिंट करून घ्या. पडद्यावर दोन फोटो शेजारी ठेवता येतात, साठ ठेवता येत नाहीत. जमिनीवर चादर पसरून ठेवता येतात. आठवडाभर ते तसेच राहू द्या. घरातली माणसे ये-जा करतील, त्यांना "कसा आहे?" असे विचारू नका, कारण "छान आहे" याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. चहाचा कप हातात घेऊन तुमच्या आई कोणत्या प्रिंटपाशी थबकतात, तेवढे पाहा. रोज एक-दोन प्रिंट उचलून बाजूला करा. शेवटी जे दहा-बारा उरतील त्यांत काहीतरी पुन:पुन्हा येताना दिसेल. कदाचित वाट पाहणारी माणसे असतील, कदाचित हातात धरलेल्या वस्तू, कदाचित रिकामी झालेली जागा. परीक्षकांना हवे असलेले "तुम्ही" त्या दहा-बारा प्रिंटांत आहात. ते ठरवून आणता येत नाही, नंतर शोधावे लागते.

किती फ्रेममागे एक चांगला फोटो मिळावा, याबद्दलही तुमच्या मनात काही अवाजवी अपेक्षा असावी असे पत्रावरून वाटते. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक याने १९५५ आणि १९५६ मध्ये मोटारीने अमेरिका पालथी घातली, तेव्हा ७६७ रोल वापरले आणि सुमारे २७,००० फ्रेम काढल्या. पुस्तकात आले ८३ फोटो. म्हणजे सव्वातीनशेला एक. पुस्तक अमेरिकेत निघाले तेव्हा तिथल्या अनेकांनी ते धूसर, वाकडे आणि देशाची निंदा करणारे ठरवले होते. त्याच हिशेबाने तुमच्या ४०,००० फ्रेममध्ये सव्वाशेच्या आत-बाहेर चांगले फोटो असायला हवेत. हा हिशेब गंमत म्हणून घ्या, कारण तुम्ही फ्रँक नाही आणि मीही नाही. पण ३९,००० फ्रेम वाया जाणे हा या कामाचा खर्च आहे, नापास झाल्याची गुणपत्रिका नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

समाजमाध्यमांबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर सर्वत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. तळहाताएवढ्या पडद्यावर, अंगठा वर सरकत असताना, फाटकाच्या गजाला अडकवलेला डबा दिसत नाही. उगारलेली मूठ दिसते. तुम्ही सहा वर्षे कोणत्या फोटोंना पसंती मिळते ते पाहून शिकत आला असाल, तर तुमच्या फोटोंत मुठी वाढल्या असणार. वर्षभर काही टाकू नका.

चार महिने बॅग उघडली नाही याची फार लाज बाळगू नका. टोकियोच्या शिंजुकूमधल्या गल्ल्या ज्याने आयुष्यभर धुंडाळल्या, त्या दाइदो मोरियामाने १९७२ मध्ये छायाचित्रणाला निरोप देत असल्याचे थेट शीर्षकातच सांगणारे पुस्तक काढले आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे त्याची अगदी पडती गेली. १९८० च्या दशकात तो परतला तो उन्हात पडलेल्या साध्यासुध्या वस्तूंचे फोटो काढत. तुम्हीही तसेच परता. रविवारी मुंबईला जाऊ नका. एकच लेन्स, शक्य तर ३५ मिलिमीटरची, घेऊन घर ते स्टेशन या वाटेवर रोज दहा मिनिटे लवकर निघा. मात्र एक गोष्ट आवर्जून लिहितो. कॅमेऱ्याबरोबर जेवण, झोप, मित्र, गाणे यांतलीही गोडी गेली असेल, तर हा छायाचित्रणाचा प्रश्न राहत नाही; अशा वेळी या सदराला पत्र लिहिण्याआधी चांगल्या डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : मी पुण्यात वास्तुकलेचे शिक्षण घेते. मंडई आणि तुळशीबाग परिसराचे फोटो काढण्याची मला आवड आहे, पण अनोळखी माणसासमोर कॅमेरा उचलायचा म्हटले की हात थरथरतो. म्हणून मी लांबून, मोठ्या झूम लेन्सने फोटो काढते, आणि नंतर चोरी केल्यासारखे वाटते. मैत्रिणी म्हणतात की मला आत्मविश्वास नाही, आणि मुलींना हे काम तसेही जमत नाही असे घरी ऐकवले जाते. हा संकोच कसा घालवावा?

उत्तर : संकोच पूर्ण घालवू नका. ज्यांना तो अजिबात नसतो असे काही छायाचित्रकार मी पाहिले आहेत. झोपलेल्या मजुराच्या नाकाजवळ लेन्स नेताना त्यांना काही वाटत नाही, आणि त्यांच्या फोटोंत ते दिसते. तुम्हाला चोरी केल्यासारखे वाटते, कारण लांबच्या लेन्सने काढलेला फोटो पुष्कळदा चोरूनच काढलेला असतो. म्हणजे तुमची सदसद्विवेकबुद्धी शाबूत आहे आणि चूक हत्याराच्या निवडीत आहे. झूम लेन्स घरी ठेवा.

महात्मा फुले मंडईत एकाच ठरावीक वेळी, आठवड्यातून दोनदा, महिनाभर जा. पहिले चार वेळा कॅमेरा गळ्यात दिसू द्या, पण उचलू नका. भाजी घ्या, भाव विचारा, वाटेत उभ्या राहू नका. या शेवटच्या सूचनेमागे एक प्रसंग आहे. दादरच्या फुलबाजारात पहाटे साडेचारच्या सुमारास झेंडूच्या ढिगावर पाणी शिंपडणाऱ्या एका विक्रेत्याचा फोटो घेताना मागून जोरदार शिवी आली. मला वाटले फोटो काढतो म्हणून लोक चिडले, आणि अपमान गिळून मी निघालो. पुलाखाली येऊन थांबल्यावर लक्षात आले की डोक्यावर भरलेली पाटी घेतलेला हमाल माझ्या मागे ताटकळला होता आणि मी त्याची वाट अडवून गुडघ्यावर बसलो होतो. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला लोकांचा राग जेवढा वाटतो, त्यातला निम्मा अशाच साध्या कारणांचा असतो.

पाचव्या खेपेला, मंडईबाहेर जमिनीवर लिंबू-मिरची घेऊन बसलेल्या एखाद्या मावशींना सरळ विचारा, "मावशी, फोटो काढू का?" त्या आधी पदर सावरून ताठ बसतील. तो फोटो काढा, त्यांना दाखवा आणि तिथेच बसून राहा. दहा मिनिटांनी गिऱ्हाईक येईल, त्या तुम्हाला विसरतील, आणि तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळेल. पुढच्या आठवड्यात पहिल्या फोटोचा प्रिंट त्यांना नेऊन द्या; त्या ताठ बसलेला फोटो तुम्हाला कितीही कृत्रिम वाटला तरी तोच द्या, कारण त्यांना तोच हवा असतो. त्यानंतर शेजारच्या मावशी स्वतःच हाक मारतील. ज्याने तोंड फिरवले त्याचा फोटो पुसून टाका, आणि बरोबर मोठे माणूस नसलेल्या मुलांचे फोटो काढू नका.

मुलींना जमत नाही म्हणणाऱ्यांना होमाई व्यारावाला यांचे नाव सांगा. १९१३ मध्ये नवसारीला जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाईबाई भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. सुरुवातीला त्यांचे मुंबईचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. साडी नेसून खांद्यावर कॅमेरा लावलेल्या बाईला लोक गंभीरपणे घेत नसत, ही बाई नुसता मिरवायला कॅमेरा घेऊन फिरते आहे असे त्यांना वाटे, आणि त्यामुळेच आपल्याला कुठेही शिरता येई व कुणी अडवत नसे, असे त्यांनी उतारवयात मिस्कीलपणे सांगितले होते. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. तुळशीबागेत गर्दी बायकांचीच असते. तिथे कॅमेरा घेऊन उभा राहिलेला माझ्यासारखा म्हातारा जेवढा खटकेल तेवढ्या तुम्ही खटकणार नाही, याचाही विचार करा.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून नाशिकला शाळेत शिक्षक आहे. दहा वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी जुन्या नाशिकमधले वाडे आणि गल्ल्या यांचे फोटो काढतो. प्रदर्शन कधी केले नाही, पैसे मिळाले नाहीत. कुणी "छायाचित्रकार" अशी ओळख करून दिली की ओशाळल्यासारखे होते. हौशी माणसाने स्वतःला तसे म्हणावे का, आणि या फोटोंचा उपयोग काय?

उत्तर : काय म्हणवून घ्यावे हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या, जिने, दुकानांच्या काचा आणि अंगणे यांचे हजारो फोटो काढणारा यूजीन अत्जे आधी नट होता. नाटकात जम बसला नाही, तेव्हा तो चित्रकारांना संदर्भासाठी लागणारे फोटो विकू लागला, आणि तशी पाटीही त्याने दाराबाहेर लावली होती. १९२६ मध्ये एका कलाविषयक नियतकालिकाने त्याचा फोटो छापायला घेतला, तेव्हा त्याने आपले नाव न घालण्याची विनंती केली. या नुसत्या नोंदी आहेत, असे त्याचे म्हणणे होते. शिकागोची व्हिव्हियन मायर आयुष्यभर लोकांची मुले सांभाळत असे. तिने काढलेले एक लाखाहून अधिक फोटो जगाला कळले ते २००७ मध्ये, गोदामाचे भाडे थकल्यामुळे तिथल्या तिच्या सामानाचा लिलाव झाला त्यानंतर. तिला स्वतःला ते कुणाला दाखवायचे होते की नाही, हे तिच्याबरोबरच गेले, आणि तिच्या नावाभोवती चालणाऱ्या कौतुकात मला ही एक गोष्ट नेहमी टोचते.

उपयोगाचे विचाराल तर अत्जेच्या नोंदी पॅरिसमधली संग्रहालये आणि ग्रंथालये विकत घेत होती, कारण शहर पाडले जात होते आणि काय पाडले गेले हे कुठेतरी लिहिलेले हवे होते. मुंबईत २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जुनी डबलडेकर बस आणि ऑक्टोबरच्या अखेरीस प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा शेवटच्या दिवशी फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली होती. पण टॅक्सीच्या आत, टपाला चिकटवलेले फुलाफुलांचे कापड कसे असे, याचे फोटो ज्यांनी दहा वर्षे आधी सहज काढून ठेवले त्यांच्याकडेच आता लोक जातात. तुमच्या दहा वर्षांत फोटोतले किती वाडे उरले नाहीत, ते तुम्ही मोजले आहे का? नसल्यास तेथून सुरुवात करा.

प्रिंट काढून घ्या आणि प्रत्येकाच्या मागे गल्लीचे नाव, वाडा कुणाचा, तारीख आणि कोणत्या दिशेला तोंड करून फोटो काढला, एवढे लिहा. वाड्यात राहिलेल्या माणसांना प्रिंट दाखवून विचारलेत तर दिंडी दरवाज्याच्या आत उजव्या हाताला काय होते, हेही ते सांगतील. तेही लिहून ठेवा. लिहायला मऊ पेन्सिल वापरा आणि हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई वर ठेवलेल्या प्रिंटला लागते.